लांडगा नसलेल्या गोव्यात लांडग्याचा प्रश्न

सत्तरी तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून त्याने लांडग्याच्या संवर्धनावर प्रकल्प करायला घेतला आहे. गोव्यात लांडगा नाही, मग हा विषय आपल्याला लागू होतो का, हा त्याचा पहिला प्रश्न. आपल्याकडे वाघाला वाघ्रो म्हणून पुजले जाते आणि वाघांना विष घातल्याची घटनाही आपल्याकडेच घडते. ही विसंगती अज्ञानातून आली असेल तर जनजागृतीने ती दूर होईल का, हा दुसरा. तिसरा प्रश्न त्याच्या घराजवळचा आहे: गावात बिबट्याने एक पाडी मारली, त्यानंतर ग्रामस्थ पिंजरा लावण्याची मागणी करीत आहेत, ती योग्य आहे का?

मी पशुवैद्यक आहे. सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांत गुरांवर उपचार करण्यात माझी नोकरी गेली आणि हिंस्र प्राण्याने मारलेल्या जनावरांचे शवविच्छेदन हा त्या कामाचा न टळणारा भाग होता. त्यामुळे माझे उत्तर जंगलाच्या बाजूने कमी आणि गोठ्याच्या बाजूने अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लांडगा गोव्यात नसण्याचे कारण सरळ आहे. भारतीय लांडगा हा उघड्या माळरानाचा, खुरट्या झुडपांचा आणि कोरड्या हवेचा प्राणी आहे. सह्याद्रीचा घाट चढून बेळगाव-धारवाडच्या पुढे पूर्वेकडे गेले की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि लांडग्याचा मुलूख सुरू होतो. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, विजयपूर, कोप्पळ हे त्याचे जिल्हे. तीन मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या दाट रानात त्याला जागा नाही. शिवाय एका कळपाला शेकडो चौरस किलोमीटरचा टापू लागतो आणि आपल्या संपूर्ण राज्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आहे. देशात या लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वाघाहूनही कमी. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार भारतीय लांडग्याचा वंश जगातील लांडग्यांच्या आज हयात असलेल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. तरीही केवळ लांडग्यासाठी राखलेले क्षेत्र म्हटले की झारखंडमधील महुआडांड अभयारण्य (1976, सुमारे 63 चौरस किलोमीटर) आणि अलीकडे कर्नाटकातील बंकापूर, यांच्यापुढे फारशी नावे सांगता येत नाहीत.

याचे एक कारण असे की लांडग्याचे घर सरकारी कागदावर घर म्हणून लिहिलेलेच नसते. माळरानाची नोंद पडीक जमीन अशी होते, मग तेथे कधी सौरऊर्जा प्रकल्प येतो, कधी औद्योगिक वसाहत, कधी कालव्याचे पाणी आणि त्यामागून ऊस, आणि कधी तर वनीकरणाच्या नावाने वनखातेच तेथे ग्लिरिसिडिया लावते. झाडे लावून प्राणी हुसकावण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या हिरव्यागार डोळ्यांना पटकन उमगत नाही. पणजीत बसून सोलापूरचा माळ पाहिला तर तो ओसाडच दिसतो.

तरीही तुमचा प्रकल्प गोव्यात बसून करण्यासारखा आहे, याचे कारण वेगळे आहे. हिंस्र प्राण्याविषयी माणसाला काय वाटते याचा अभ्यास करायचा असेल तर लांडग्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. वाघाच्या पाठीशी देवत्व आहे, राष्ट्रीय प्राण्याचा मान आहे, पर्यटकांची जीप आहे आणि केंद्र सरकारचा निधी आहे. बिबट्याला निदान देखणेपणा आहे. लांडग्याला यांतले काहीही नाही. त्याच्याकडे फक्त एका मेंढपाळाचे झालेले नुकसान आहे. माणूस आणि शिकारी प्राणी यांच्यामधला व्यवहार सर्व आवरणे काढून पाहायचा तर तो लांडग्यापाशी दिसतो, आणि तो एकदा नीट दिसला की म्हादई अभयारण्यातील गोळावलीत वाघांना विष का घातले गेले तेही समजू लागते.

हा व्यवहार सरकारनेही चालवलेला आहे. ब्रिटिश भारतात हिंस्र प्राणी मारणाऱ्याला इनाम दिले जाई. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून दिलेल्या आकड्यांनुसार 1875 ते 1925 या 50 वर्षांत इनामासाठी 80,000 हून अधिक वाघ, 1,50,000 हून अधिक बिबटे आणि 2,00,000 लांडगे मारले गेले. म्हणजे ज्याला आपण लोकांचा परंपरागत द्वेष समजतो त्याचा बराच भाग रोख रक्कम मोजून तयार केलेला आहे. रानकुत्र्यावर तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत अशी इनामे चालू होती. आज लांडगा, वाघ आणि बिबटा हे तिघेही त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांचा कारावास आहे. एका पिढीच्या आजोबाला ज्या कामासाठी बक्षीस मिळाले त्याच कामासाठी नातवाला तुरुंग मिळतो, आणि या दोन्हींच्या मध्ये कोणी येऊन त्या घराशी बोलले असेल असे समजण्याचे कारण नाही.

बहराइचच्या बातम्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण अशा बातम्यांवरूनच मते बनतात. लांडगा माणसावर हल्ला करतच नाही, असे संवर्धनाच्या उत्साहात काही जण म्हणतात. ते खरे नाही आणि तसे सांगणे धोक्याचे आहे. 1996 मध्ये उत्तर प्रदेशाच्याच प्रतापगड, सुलतानपूर आणि जौनपूर भागांत लांडग्यांनी अनेक मुले नेली होती. 2024 मध्ये बहराइचच्या महसी भागात जे बळी गेले त्यांत बहुसंख्य लहान मुलेच होती. ही घरे कोणती होती ते पाहा: दार नसलेली, अंगणात किंवा ओसरीवर मुले झोपणारी, नदीकाठच्या उसाला लागून असलेली. शेळी रात्री आत बांधली जाते, कारण तिची किंमत ठरलेली असते, आणि मूल उघड्यावर झोपते, कारण आत जागा नसते. तेथे दारे बसवणे हा लांडगा पकडण्याइतकाच महत्त्वाचा उपाय होता.

जगभराचा विचार केला तर चित्र आणखी एका दिशेने झुकते. नॉर्वेतील निसर्ग संशोधन संस्थेने 2021 मध्ये 2002 ते 2020 या काळातील लांडग्यांच्या हल्ल्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात 489 व्यक्ती हल्ल्याला बळी पडल्याची नोंद असून त्यांपैकी 380 जणांवर हल्ला करणारा लांडगा पिसाळलेला होता. भक्ष्य म्हणून झालेले हल्ले 67 होते. मृत्यू झाले ते 26. म्हणजे लांडग्याची भीती ही मोठ्या प्रमाणावर रेबीजची भीती आहे, आणि भारतात रेबीजचा साठा लांडग्यात नव्हे तर मोकाट कुत्र्यांत आहे. या बाबतीत गोव्याने अभिमान बाळगायला हरकत नाही. 2014 पासून येथे कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण पद्धतशीरपणे झाले आणि 2021 मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रणात आणणारे देशातील पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. हे काम माणसांसाठी केले गेले, पण त्याचा लाभ आपल्या कोल्ह्यांना, रानकुत्र्यांना आणि बिबट्यांनाही होतो. दख्खनच्या माळावर हे घडलेले नाही. तेथे कुत्र्यांकडून लांडग्यांच्या कळपांत रेबीज आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग जातात. पुण्याजवळच्या लांडग्यांत तर कुत्र्याशी झालेला संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झाला आहे. लांडग्याला आज बंदुकीपेक्षा गावच्या उकिरड्यावर वाढणाऱ्या कुत्र्याचा धोका अधिक आहे, असे माझे मत आहे.

आता आपल्या बाजूला येऊ. गोव्यात लांडग्याची जागा रानकुत्र्याने घेतली आहे, ज्याला मराठीत कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात. म्हादई, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव या चारही ठिकाणी तो आहे. तो कळपाने शिकार करतो, सांबर, चितळ आणि रानडुक्कर हे त्याचे मुख्य भक्ष्य आहे, आणि भक्ष्य जिवंत असतानाच खायला लागतो म्हणून त्याची बदनामी झाली आहे. जगात प्रजननक्षम रानकुत्रे 949 ते 2,215 इतकेच उरले असावेत असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा 2015 चा अंदाज आहे. माणसावर तो जात नाही. तरीही गोव्यात वाघ आहेत की नाहीत यावर जितकी शाई खर्च झाली तिच्या शतांशानेही रानकुत्र्यावर झालेली नाही, आणि मला तर वाटते की हे त्याच्या पथ्यावरच पडले आहे. ज्या प्राण्याच्या नावावरून जमिनीचा वाद होत नाही, त्याला गावही शांतपणे सहन करते.

जमिनीच्या या वादाशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याचा निष्कर्ष तपासात निघाला आणि गुरे पाळणाऱ्या एका कुटुंबातील माणसांना अटक झाली. त्याआधी 2009 मध्ये केरी परिसरात एक वाघ फासात अडकला होता आणि त्याला गोळी घालण्यात आली होती. राष्ट्रीय गणनेत गोव्यात 2014 मध्ये 5 आणि 2018 मध्ये 3 वाघ धरलेले होते, म्हणजे एका आठवड्यात चार वाघ जाणे याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. त्या वेळी शहरी गोव्यात जी प्रतिक्रिया उमटली तिचा सूर असा होता की हे लोक वाघाला देव मानतात आणि त्याच देवाला मारतात.

या वाक्यातला 'हे लोक' हा शब्द चुकीचा आहे. वाघ्रो, व्याघ्रेश्वर या नावांनी वाघाची पूजा सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या गावांत आहे, पण ती गावकरीची, म्हणजे गावाच्या जुन्या सामुदायिक व्यवस्थेची, पूजा आहे. तिला गावाची सीमा आहे, मानकरी आहेत, ठरलेला दिवस आहे. फोंडा तालुक्यात खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवून केलेल्या शेतीच्या, गावांत पौष अमावास्येला चिकणमातीची मगर करून तिची पूजा होते, ज्याला मानगे थापणी म्हणतात, तीही अशीच आहे: मगरीने बांधाला आणि माणसाला सांभाळावे ही भावना तीत आहे, आणि बांध सांभाळण्याची जबाबदारी साऱ्या गावाची असते. अशा ठिकाणी प्राण्याने केलेले नुकसान गावाच्या बोलण्यात येते, त्यावर गाऱ्हाणे घातले जाते, आणि ज्याचे जनावर गेले तो एकटा पडत नाही. याउलट धनगर-गवळी कुटुंब गावापासून दूर, रानाच्या काठावर आपला गोठा घालून राहते. म्हशी हीच त्याची सारी मालमत्ता असते. त्याच्या नावावर जमीन बहुधा नसते, गावकरीत त्याला मान नसतो, आणि 1999 मध्ये म्हादई व नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर झाली तेव्हापासून आपण येथे कायदेशीर आहोत की अतिक्रमण करणारे, हेही त्याला कोणी नक्की सांगितलेले नाही. वनात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, पण त्याखालचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याच निकालात वनवासीयांचे दावे 12 महिन्यांत निकाली काढण्यासही सांगितले होते. पहिल्या आदेशावर राज्यभर चर्चा झाली आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्याची आठवण मला फार थोड्यांच्या तोंडून ऐकायला मिळाली.

मी विष घालण्याचे समर्थन करीत नाही. मृत जनावरात घातलेले कीटकनाशक वाघापुरते थांबत नाही. त्यातून मुंगसे, घारी, कोल्हे आणि मालकाचे स्वतःचे कुत्रेही मरतात, हे मी टेबलावर पाहिलेले आहे. पण विष हे ज्याच्याकडे बंदूक नाही, वकील नाही आणि थांबायला वेळ नाही अशा माणसाचे शस्त्र आहे. तो वाघाचा द्वेष करतो म्हणून ते वापरत नाही. दुभती म्हैस गेल्यावर त्याच्या हाती दुसरे काही उरत नाही म्हणून वापरतो.

मग भरपाई वाढवली की प्रश्न सुटेल का? येथे लांडग्याचा जागतिक अनुभव उपयोगी पडतो. अमेरिकेत 1995 आणि 1996 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कॅनडातून आणलेले 31 लांडगे सोडण्यात आले, कारण तेथील शेवटचे लांडगे 1926 मध्ये मारले गेले होते. हे लांडगे येण्याच्या आधीपासूनच डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ ही संस्था त्या भागातील पशुपालकांना लांडग्यांनी मारलेल्या जनावरांची भरपाई देत होती. (यलोस्टोनच्या लांडग्यांनी नद्यांचे प्रवाह बदलले, अशी एक लोकप्रिय कथा आहे. प्रकल्पात ती लिहू नका. तिच्यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.) मात्र विस्कॉन्सिन राज्यात 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की लांडग्यामुळे झालेल्या नुकसानाची भरपाई मिळालेली माणसे, न मिळालेल्यांपेक्षा लांडग्याविषयी अधिक सहिष्णू झालेली नव्हती. पैसे घेणाऱ्याला पैसे हवेच होते, पण त्यामुळे त्याचे मन बदलले नाही. युरोपातही सुबत्ता असूनही लांडग्याचा विषय निघाला की राजकारण तापते. 2022 मध्ये जर्मनीत एका लांडग्याने युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायन यांचे तट्टू मारले होते, आणि डिसेंबर 2024 मध्ये युरोपातील वन्यजीव संरक्षणाच्या बर्न कराराखालील लांडग्याचे संरक्षण एका पायरीने खाली आणले गेले. या दोन गोष्टींचा संबंध लोक जोडतात. तो तितका सरळ नाही, पण तट्टू कोणाचे आहे यावर नुकसानाची दखल अवलंबून असते, हे तर उघड आहे.

मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती स्वीडनची पद्धत. तेथील सामी समाज रेनडिअर पाळतो आणि लिंक्स व वुल्व्हरीन हे प्राणी रेनडिअर मारतात. 1996 पासून तेथे मेलेल्या जनावरामागे पैसे न देता, त्या सामी वस्तीच्या क्षेत्रात या शिकारी प्राण्यांनी किती पिल्ले वाढवली यावर वस्तीला एकत्रित रक्कम दिली जाते. मृत जनावर शोधण्याची धडपड नाही, पंचनाम्यावरून वाद नाही, आणि प्राणी जिवंत असण्यात वस्तीचा फायदा आहे. आपल्याकडे वाघाची पिल्ले दर वर्षी मोजता येतील इतकी नाहीत, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण म्हादई आणि नेत्रावळीच्या काठावरील गवळी वस्त्यांना, त्यांच्या चराईच्या टापूत कॅमेऱ्यात वाघ किंवा रानकुत्र्यांचा कळप आढळला तर वस्तीच्या नावे वार्षिक रक्कम, असा प्रयोग लहान प्रमाणावर करून पाहता येईल. तो कोणी करील का, हे मी सांगू शकत नाही. जमिनीचा प्रश्न लटकलेला असताना लोक त्यावर विश्वास ठेवतील असे मला वाटत नाही.

जनजागृतीविषयी माझे मत आता तुमच्या लक्षात आले असेल. शाळेत व्याख्याने द्या, मुलांना ठसे ओळखायला शिकवा, त्यात नुकसान काही नाही. पण ज्याच्या गोठ्यातून म्हैस गेली त्याला वाघाचे निसर्गचक्रातले स्थान समजावणे हा शुद्ध अपमान आहे. ते स्थान त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. दख्खनच्या पठारावर असे मेंढपाळ मला भेटले आहेत जे लांडग्याने नेलेले कोकरू हा त्याचा वाटा समजतात, आणि तेच मेंढपाळ रात्री वाड्यावर जागतात, कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधतात आणि लांडगा दिसला तर दगड घेऊन धावतात. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसत नाही. राखण करणे आपल्या हातात आहे, ही जाणीव शिल्लक असेपर्यंत माणूस बरेच सोसतो. कायद्याने फक्त 'हात लावू नका' एवढेच सांगितले आणि राखणीसाठी काहीही दिले नाही, की ती जाणीव जाते.

म्हणून माझ्या मते मनोवृत्ती बदलण्याचे काम पहिल्या 24 तासांत होते किंवा होत नाही. जनावर मेले, मालकाने कळवले, आणि त्या दिवशी कोणीतरी आले का? पंचनामा करणाऱ्याने मृत जनावर नीट पाहिले का, की दुरूनच कागद भरला? गळ्यावरची कातडी सोलून पाहिली तर सुळ्यांच्या खाली स्नायूंत रक्त साकळलेले दिसते. तसे असेल तर चावा जिवंतपणी बसलेला आहे, नसेल तर जनावर आधीच रोगाने किंवा सर्पदंशाने मेलेले असून नंतर खाल्ले गेले आहे. वाघाच्या सुळ्यांमधले अंतर बिबट्यापेक्षा स्पष्टपणे मोठे असते आणि वाघ बहुधा मागच्या पुठ्ठ्यापासून खायला सुरुवात करतो, बिबटा पोटाच्या किंवा छातीच्या बाजूने. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या वासराच्या मागच्या पायांवर, शेपटीवर आणि कानांवर विस्कळीत जखमा असतात आणि मांस फारसे खाल्लेले नसते. गोव्यात बिबट्याच्या नावावर लिहिलेली काही वासरे कुत्र्यांनी मारलेली असतात, हे मी खात्रीने सांगतो. हे सारे मालकासमोर, त्याला दाखवत करावे लागते. निष्कर्ष त्याच्या विरुद्ध गेला तरी त्याला राग येत नाही. कोणी पाहिलेच नाही तर मात्र येतो.

आता पिंजऱ्याचा प्रश्न. तुमच्या गावाने मागणी केली यात आश्चर्य नाही, कारण पिंजरा ही शासनाने केलेली एकमेव दिसणारी हालचाल असते. पण त्यात सापडणारा बिबटा पाडी मारणाराच असेल याची खात्री नसते. पिंजऱ्यातल्या शेळीकडे जो पहिला येतो तो सापडतो. त्याला सोडावे कोठेतरी लागतेच. जुन्नर परिसरात 2001 ते 2003 या काळात पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की त्यापूर्वी तेथे वर्षाला सरासरी 4 हल्ले माणसांवर होत, ते या काळात 17 झाले. अनोळखी जागी सोडलेला, ताणाखाली असलेला प्राणी आपल्या जागेकडे परत येऊ पाहतो, आणि रिकाम्या झालेल्या टापूत एखादा तरुण नर येऊन बसतो. त्याच अभ्यासकांनी अकोले तालुक्यात केलेल्या पाहणीत बिबट्याच्या आहारात 87 टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आढळला आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता; शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सातपट असूनही आहारात त्यांचा वाटा 11 टक्केच होता, कारण शेळ्या रात्री बंद असतात. गावात बिबटा कशासाठी येतो याचे उत्तर या आकड्यांत आहे. सत्तरीतील वाड्यांवर मांसमच्छीचा कचरा जेथे फेकला जातो तेथे कुत्री जमतात, आणि कुत्री जमतात तेथे बिबटा येतो.

तेव्हा पंचायतीने वनखात्याला जो अर्ज द्यायचा त्यात पिंजऱ्याऐवजी पुढील गोष्टी मागाव्यात असे मी सुचवीन. ज्या गोठ्यांना दार किंवा वरची जाळी नाही त्यांची यादी करून त्यांना साहाय्य मिळावे. त्यांत मुख्यतः वासरे आणि पाड्या बांधले जाणारे गोठे धरावेत, कारण मोठ्या म्हशीला बिबटा सहसा हात घालत नाही. कचऱ्याची जागा वाड्यापासून दूर न्यावी. आणि गावाने स्वतः करायचे एक काम असे की काजूच्या बागायतीत आणि कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडेला रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास काढून टाकावेत. गोव्यात बिबटे पिंजऱ्यापेक्षा या फासांत अधिक अडकतात. दुचाकीच्या क्लचची तार कमरेत रुतली की वरून जखम दिसत नाही, पण आतल्या आत आतडी आणि मूत्राशय चेचले जातात. तासन्‌तास झटापट केल्याने स्नायू निकामी होतात आणि सोडवलेला प्राणी दोन-तीन दिवसांनी मरतो. फासात अडकलेला बिबटा दिसला तर जवळ गर्दी करू नये, मोबाइलवर चित्रण करण्यासाठी तर मुळीच जाऊ नये. भुलीचे इंजेक्शन देणाऱ्याला शांत प्राणी मिळाला तर औषधाची मात्रा कमी लागते आणि त्याची वाचण्याची शक्यता वाढते.

मेलेल्या पाडीचा पंचनामा झाला नसेल तर तो आता होणे कठीण आहे, पण पुढच्या वेळेसाठी घरातील सर्वांना सांगून ठेवा: मृत जनावर हलवू नये, पुरू नये, त्यावर ताडपत्री घालावी, भोवतालचे ठसे तुडवू नयेत, मोबाइलने गळ्याची व पोटाची छायाचित्रे घ्यावीत, आणि वनखाते व पशुवैद्यकीय दवाखाना या दोघांनाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. बिबट्याने माणसावर हल्ला केला तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा पिंजऱ्याला विरोध करू नये; मात्र पकडलेला प्राणी हल्ला करणाराच आहे का हे जखमेतील लाळेच्या डीएनएवरून आणि सुळ्यांच्या मापांवरून तपासावे, अशी मागणी त्याच अर्जात पहिल्याच दिवशी लिहून द्यावी, कारण जखम धुतल्यानंतर तो पुरावा राहत नाही.